कुरडया, मोहोर आणि बावटा: हवा बदलली हे तुम्हाला कशावरून कळलं?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माहेरी, कराडला, आईने पाच किलो गव्हाच्या कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटून चीक काढणं, पहाटे चारला उठून तो पातेल्यात घोटणं, असा सगळा सोहळा. सकाळी आठपर्यंत गच्चीवर जुन्या धोतरांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांग लागली. दुपारी अडीचला पश्चिमेकडून काळं आलं. आम्ही दोघी धावलो, धोतरं तशीच्या तशी उचलून हॉलमध्ये पसरली, पंखे लावले. पुढचे दहा दिवस ऊन म्हणून नाहीच. चौथ्या दिवशी कुरडयांना आंबूस वास, सहाव्या दिवशी बुरा. सगळ्या शेजारच्या म्हशीला गेल्या.

आई म्हणाली, "हवाच बिघडलीय बाई."

मी पडले शाळामास्तरीण. लगेच सुरू केलं: कोळसा, पेट्रोल, कार्बन डायऑक्साइड, समुद्राचं तापमान. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते टीव्हीवरचं वेगळं. हे आपलं वेगळं."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. येल विद्यापीठ भारतात जी पाहणी करतं त्यात २०२१-२२ साली निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के लोक म्हणाले की जागतिक तापमानवाढीबद्दल आम्हाला थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही. त्याच लोकांना दोन ओळींत ती काय असते ते सांगितलं, तेव्हा ८४ टक्के म्हणाले, हो, हे होतंय. माझी आई या दोन्ही आकड्यांत बसते. शब्द तिचा नाही, पण वाळवण तिचं आहे.

तर विचारायचंय एवढंच: तुमच्या घरात, शेतात, धंद्यात हवा बदलली हे कशावरून कळलं? आणि घरची माणसं त्याचं कारण काय सांगतात? पेपरातलं नको, स्वतःचं सांगा.

निफाडचा_द्राक्षवाला

ताई, तुमच्या कुरडया गेल्या त्याच पावसात आमचं पुढच्या वर्षाचं पीक गेलं. ते आम्हाला पाच महिन्यांनी कळलं, एवढाच फरक.

ज्यांना द्राक्षातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. घड आपल्याला दिसतो ऑक्टोबरनंतर, पण त्याचा गर्भ तयार होतो एप्रिल छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, काडीच्या डोळ्यात. त्याला आम्ही सूक्ष्मघड म्हणतो. त्या काळात डोळ्यावर कडक ऊन लागतं. २०२५ ला नेमका तेव्हाच पाऊस बसला. मुंबईत तर मोसमी पाऊस २६ मे ला आला, एवढ्या लवकर कधी आल्याची नोंद नाही म्हणतात. इकडे आकाश उघडायलाच तयार नाही. आम्ही म्हटलं, बरंय, टँकरचा खर्च वाचला.

ऑक्टोबरात छाटलं. बाग अशी फुटली की पाहुणे थांबून फोटो काढायचे. पण काडी हातात धरून बघावं तर नुसता पाला आणि बाळी, म्हणजे घडाच्या जागी आलेला वेलाचा ताणा. याला आमच्यात 'घड जिरला' म्हणतात. एका वेलीवर तीस-पस्तीस घडांची सवय असलेल्या माणसाने चार-पाच घड मोजायचे. मी मोजून झाल्यावर उगाच पुन्हा मोजायला लागलो होतो.

कारण विचारलंत ना. वडील म्हणतात, "औषधं फार झाली, जमीन जळली." भाऊ म्हणतो नशीब. मधे गावात एक साहेब हवामान बदलावर बोलायला आले होते. पहिल्याच चित्रात बर्फावरचं पांढरं अस्वल. म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत टोप्या सावरत ऐकलं. मी शेवटी विचारलं, आच्छादनाला अनुदान मिळेल का, खरड छाटणी पंधरा दिवस मागे-पुढे करू का? म्हणाले, "आधी जागृती महत्त्वाची." आता आम्हाला आणखी किती जागं करणार राव. डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) यायला लागली की रात्री दोनला उठून फवारतोच आहोत.

पेठेतला_पेन्शनर

सर्वांच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटते. तरीही एक खडूस प्रश्न विचारतो.

माझे आजोबा १९६५ च्या सुमारास ओसरीवर बसून हेच म्हणत की आमच्या वेळचा पाऊस राहिला नाही. त्यांचे आजोबाही म्हणत असतील. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला आहे, सुकडी आणि लाल मिलो (परदेशी ज्वारी) खाल्लेला आहे. त्याआधी दुर्गादेवीचा दुष्काळ तर १३९६ पासून बारा वर्षे चालला असे इतिहास सांगतो. तेव्हा कुठल्या मोटारी होत्या? माणसाला बालपणीचा पाऊस वक्तशीर आणि बालपणीचा आंबा गोड वाटतो. मी हवामानशास्त्रज्ञांना खोटे म्हणत नाही. पण या धाग्यावर जे चालले आहे तो आठवणींचा कार्यक्रम आहे, आणि आठवण हा पुरावा नव्हे. कुणी काही लिहून ठेवले आहे का?

पाचवी_ब

आमच्या सोसायटीच्या काकांचं ठाम मत: ओझोनला भोक पडलंय, त्यातून ऊन जास्त येतं. मी विचारलं, मग पाऊस जास्त का? "त्याच भोकातून."

नभोमापक

पेन्शनर साहेबांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आधी तोच घेतो.

आठवण फसवते, हे खरंच. सगळ्यात चांगलं उदाहरण मृगाचं. 'पूर्वी सात जूनला न चुकता पाऊस यायचा' हे प्रत्येक घरात ऐकू येतं. सात-आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो हे खगोल झालं, ढगांनी तसा करार केलेला नाही. शिवाय पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्यामुळे ही तारीख साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे शिवकाळात मृग आजच्या कॅलेंडरने चार-पाच दिवस आधी लागत होता. नक्षत्र सरकतं, ऋतू सरकत नाही. तेव्हा पंचांगातली नक्षत्राची बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहनं बघून कुणी पेरत असेल तर त्याने जमिनीची ओलही बघावी. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं, ते याच दुबार पेरणीच्या धास्तीने.

तसंच २६ जुलै. त्या दिवशी २००५ साली सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात. एवढ्यावरून हवामान बदल सिद्ध होत नाही.

आता दुसरी बाजू. एकेक घटना सोडा आणि मोजणी धरा. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. पुण्यात पाषाणला जी उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, तिथल्या रॉक्सी कोल यांच्या चमूने १९५० ते २०१५ चे आकडे तपासले. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना या काळात तिप्पट झाल्याचं त्यांना दिसलं. अरबी समुद्र तापल्याने तिकडून येणाऱ्या बाष्पाचे हेलकावे वाढले, हे त्यांनी दिलेलं मुख्य कारण. एकूण पाऊस मात्र तिप्पट झालेला नाही. तोच पाऊस कमी दिवसांत, धो धो आणि मधे मोठे खंड. म्हणून शेतकरी म्हणतो 'पाऊस बिघडला', आणि सरासरीचा आकडा म्हणतो 'सामान्य'. दोघंही खरं बोलत असतात.

आणि आपलं शिमला ऑफिस, म्हणजे हवामान खातं, काही उठवळ नाही. त्यांनी २०२० साली मोसमी पावसाच्या तारखाच बदलल्या. मुंबईत यायची तारीख १० वरून ११ जून, म्हणजे जवळपास तीच. पण मुंबईतून जायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. नऊ दिवस! ज्याचं सोयाबीन सप्टेंबरअखेर काढणीला येतं त्याला हे कुठल्या शास्त्रज्ञाने सांगायला नको.

ओझोनवाल्या काकांना सांगा, तो प्रश्न वेगळा आणि त्या भोकाची हळूहळू डागडुजीही होतेय. अर्थात काकांचा एकट्याचा दोष नाही, आपण सगळ्यांनी नववी-दहावीत 'पर्यावरणाच्या समस्या' एकाच पानावर पाठ केल्या होत्या.

सीनेकाठचा

आमच्याकडे माढ्यात आणि वर परांड्यात सप्टेंबर २०२५ ला काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. सीना ही आमच्या मते नदी नव्हतीच, पावसाळ्यातसुद्धा तिच्यातून मोटारसायकल जायची. आजी म्हणायची, सीनेला पूर येणं म्हणजे गोगलगायीला पंख.

मला मोजणीवर बोलायचंय. सरकारी हिशेबात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिमी. आमच्या मंडळाचं यंत्र अकरा किलोमीटरवर. एका वर्षी आमच्या शिवारात बांध फुटले आणि यंत्रात भरला ४१. ढगाला मंडळाची हद्द कोण दाखवणार? वर त्या वर्षी विम्याला बहात्तर तासांत कळवायचं. लाईट नाही, मोबाईल बंद, रानात गुडघाभर पाणी. तेव्हा 'लिहून ठेवलंय का' या प्रश्नावर आमचं उत्तर असं की लिहिणाऱ्याने चुकीच्या जागी उभं राहून लिहिलं.

आणि याच भागातल्या माणसांनी २०१६ ला मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आलेलं पाहिलंय. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याने दुष्काळ ऐकलाय आणि पूर पाहिलाय. तो म्हातारा झाल्यावर पोरांना सांगेल, 'आमच्या वेळी सीनेला पाणी असायचं.'

वर्धेकर

विदर्भात ऊन वाढलं हे सांगून कोणाला पटवता? लोक म्हणतात, तुमच्याकडे तर होतंच. खरंय, ४५-४६ आम्हाला नवीन नाही. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक तापाचे दिवस) लागला की दुपारी गावात कुत्रं दिसत नसे, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, घरोघरी खिडकीला वाळ्याच्या ताट्या.

बदल रात्रीत झाला आहे. लहानपणी संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपायचो. आधी चर्र असा आवाज यायचा, मग मातीचा वास, आणि दहापर्यंत फरशी गार. सगळं घर वर. पहाटे पायाशी चादर ओढावी लागे. आता दोन-दोनदा पाणी टाकूनही अकराला फरशी पाठीला चटका देते. गच्चीवर झोपणं आमच्या घरात कधी बंद झालं हे कोणालाच आठवत नाही. कोणी ठरवून बंद केलं नाही. एकेक जण खाली आला.

बाबा म्हणतात, सिमेंटचे रस्ते झाले म्हणून. मी आधी हसायचो. मग कळलं की शहरापुरतं ते चूक नाही, सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्री सोडतं. त्यात जूनमधली दमट गरमी. कोरड्या उन्हात आमचा कुलर एसीच्या तोंडात मारेल, पण हवेत ओल असली की कुलर म्हणजे नुसता पंखा, वर अंगाला चिकचिक.

मी_फक्त_वाचते

वर्धेकर, 'एकेक जण खाली आला' वाचून थांबले. आमच्या अकोल्याच्या वाड्यातही असंच झालं.

दर्यावरून

आमच्याकडे हवा बदलली हे बावट्यावरून कळतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की होडी बाहेर काढायची नाही. पहिले १ जून ते ३१ जुलै बंदी, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुढे मे पर्यंत आपलंच राज्य. ऑक्टोबर-नोव्हेंबर तर कमाईचे महिने. २०१९ ला काय झालं? ऑक्टोबरअखेर क्यार, ते सरतंय तोवर महा. दोन्ही वादळं आमच्या किनाऱ्याला लागली नाहीत, म्हणून पेपरात 'धोका टळला' आलं. पण होड्या पंधरा-पंधरा दिवस बंदरात. डिझेल भरलेलं, बर्फ विरघळलेला, खलाशांचा पगार चालू. टळलेल्या धोक्याचा पंचनामा कोणी करत नाही.

आजी सांगायची, वादळं तिकडची, पूर्वेकडची. इकडे फार तर फयान, ते २००९ ला. मग ३ जून २०२० ला निसर्ग आलं, आणि रायगडात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे मध्ये तौक्ते. आजी आता काही सांगत नाही, नुसती रेडिओ लावून बसते.

मासळी का घटली यावर मात्र आमच्यात भांडणं आहेत. डोल जाळीवाले म्हणतात, पर्ससीनच्या मोठ्या वेढा जाळ्यांनी आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांनी दर्या धुतला. ते म्हणतात, पाणी गरम झालं, मासा खोल गेला. मला वाटतं दोन्ही आहे. पण सगळं पाण्यावर ढकललं की जाळ्यांना रान मोकळं, तेव्हा हा शब्द ऐकला की मी आधी कोण बोलतंय ते बघतो. पापलेटला २०२३ ला राज्यमासा केलं. मान दिला, बरं झालं. आता ताटात पिल्लं घेऊ नका म्हणजे मिळवली.

पेठेतला_पेन्शनर

दर्यावरून यांचा शेवटचा परिच्छेद मला फार पटला. हवामान बदल हे हल्ली प्रत्येक नाकर्तेपणाचे पांघरूण झाले आहे. नाला साफ केला नाही, तर हवामान बदल. टेकडी पोखरली, तर हवामान बदल.

नभोमापक

सहमत. पण त्या पांघरुणाखाली खरोखरचा तापही आहे. नाला तुंबलेला आणि वर अतिमुसळधार पाऊस पूर्वीपेक्षा जास्त वेळा, दोन्ही एकदम.

बाग_देवगड

उशिरा आलो. हापूसचं थोडक्यात: डिसेंबरात थंडी नाही पडली तर मोहोर नाही, नुसती पालवी. थंडी लांबली तर पुनर्मोहोर, मग झाड नव्या मोहोराकडे लक्ष देतं आणि आधीची वाटाण्याएवढी फळं टाकून देतं. मार्चात एकदम ऊन चढलं की फळाला डाग. म्हणजे झाडाला थंडी हवी, पण मापात, आणि माप आता कुणाकडे नाही. आणि मे मध्ये पेटी घ्यायला येणारे पुणेकर म्हणतात, "यंदा फारच लावलेत हो." (पेन्शनर साहेब, हलके घ्या.)

कोयनाकाठ

मंडळी, आठवडाभर गायब होते कारण पेन्शनर काकांनी विचारलेलं 'लिहून ठेवलंय का' मनाला लागलं. आणि माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे लिहिलेलं आहे!

आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळं लिहिते. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, कोण आलं, कोण गेलं, आणि हवा. 'वळीव. गारा.' 'पाणी आलं नाही.' 'आज कुरडया.' वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून ट्रंकेत. १९९९ पासूनची चोवीस सापडली, तीन भावाच्या वह्यांना कव्हरं घालण्यात गेली. शनिवार-रविवार दोघी जमिनीवर बसून वाचत होतो.

आधी काकांच्या बाजूचं. आई शपथेवर सांगायची की पूर्वी मृगाचा पाऊस चुकायचा नाही. कॅलेंडरात, ५ ते १२ जूनमध्ये 'चांगला पाऊस' असं चोवीसपैकी फक्त सात वर्षी. २००९, २०१४, २०२३ ला तर अख्खा जून कोरडा. गारा 'हल्लीच' पडायला लागल्या, हेही खोटं निघालं. २००२ च्या एप्रिलमध्ये 'गारा, पत्रा वाजला' असं तिच्याच अक्षरात आहे. आई थोडी हिरमुसली.

मग आम्ही 'आज कुरडया' शोधायला लागलो. ती कायम म्हणते, आपण वाळवण मे मध्येच घालतो, सासूबाईंपासूनची पद्धत आहे. १९९९ ते २००८ पर्यंत खरंच ५ ते २० मे च्या आत. नंतर हळूच एप्रिल. २०१४ पासून एप्रिलचा पहिला पंधरवडा. २०२० नंतर मार्च, होळीच्या आसपास. गेल्या वर्षी मे मध्ये घातल्या कारण मार्चमध्ये वहिनीचं बाळंतपण होतं म्हणून राहून गेलं. म्हणजे ज्या मे ला ती 'नेहमीसारखा' म्हणत होती, तो कित्येक वर्षांतला पहिला मे होता.

मी विचारलं, कधी बदललंस गं हे? ती चष्मा वर करून बघत राहिली. म्हणाली, "मी कुठे बदललं?"

निफाडचा_द्राक्षवाला

ताई, अंगावर काटा आला. माझ्या वडिलांच्या छाटणीच्या तारखा उचापतीच्या (उधारीच्या) वहीत आहेत. उद्या काढतो.

पेठेतला_पेन्शनर

अभिनंदन. हा पुरावा मी मान्य करतो. पण नेमका कशाचा? आईंना विचारलेत का, की मार्च का निवडला? पावसाच्या भीतीने की अन्य कारणाने?

कोयनाकाठ

विचारलं. पहिलं उत्तर: "गुडघे. मे च्या उन्हात गच्ची चढवत नाही." दुसरं, अर्ध्या तासाने, भाजी निवडता निवडता: "आणि मे चा भरवसा राहिला नाही." क्रम हाच होता, प्रामाणिकपणे लिहिते.

पेठेतला_पेन्शनर

गुडघे पहिले आले, हे नोंदवून ठेवावे. तसेच कॅलेंडरांचे फोटो काढून ठेवावेत, ट्रंकेत कसर लागते. माझ्याकडे १९७८ पासूनच्या रोजनिश्या आहेत. त्यात मी हवा लिहिलेली नाही, फक्त भाजीचे भाव. कोथिंबिरीचा भाव पावसाळ्यात कसा उडतो ते काढता येईल असे वाटते. बघतो.

मी_फक्त_वाचते

मुख्य प्रश्न कोणी विचारतच नाहीये. मार्चमध्ये चीक नीट निघतो का? आमच्याकडे यंदा होळीआधी घातल्या तर कुरडया तळल्यावर फुलल्याच नाहीत, कडक झाल्या.

कोयनाकाठ

आईला फोन करून विचारलं. ती म्हणते, मे मध्ये तीन दिवस भिजवणं पुरतं, पण मार्चात पाणी गार असतं, गहू आंबत नाही. चौथा दिवस द्या. दाणा दोन बोटांत दाबला की चीक पिचकारीसारखा बाहेर यायला पाहिजे, तोवर वाटायला घेऊ नका.